शेंडी ठेवलेली गाठ

कांताबाईंच्या हातची गाठ सुटली असं खाप्यात कोणी म्हटलं असतं, तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं. सुटण्याची गोष्ट सोडा, ती दिसायचीसुद्धा नाही. कन्हानकाठच्या त्या गावात घरोघरी माग चालायचे, तेव्हाची गोष्ट. ताण्यातला, म्हणजे मागावर ताणलेला उभा, धागा तुटला की कांताबाई दोन्ही टोकं चिमटीत धरायच्या, अंगठ्याभोवती एक वेढा द्यायच्या, आवळायच्या आणि उरलेल्या शेंड्या दातांनी अगदी मुळाशी तोडून टाकायच्या. मग सासू बायजाबाई त्या जागेवरून नख फिरवायच्या. नख अडलं की गाठ गावठी. सोड आणि परत बांध. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात परत बांधलेल्या गाठींची गणती नाही. दुसऱ्या वर्षापासून मात्र सासूचं नख एकदाही अडलं नाही, आणि ही गोष्ट कांताबाई आजही सांगतात, कोणी विचारो न विचारो.

विचारत अर्थात कोणी नव्हतं. माग विकून शहरात आल्याला अठरा वर्षं झाली होती. नवरा, गोपाळराव, मिहानमधल्या एका कंपनीच्या गेटवर गणवेश घालून उभे राहायचे, आणि कांताबाई मनीषनगरातल्या एका शाळेत घंटा वाजवायच्या, पाण्याच्या टाक्या धुवायच्या, पहिलीतल्या पोरांची नाकं पुसायच्या. शाळेत त्या होत्या कांतामावशी. मावशीला हात असतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या हातांना काय येतं, हे ठाऊक करून घ्यायची कोणाला गरज पडली नव्हती.

यंदा पडली. झालं असं, की स्नेहसंमेलनाचं नाटक आठवीच्या पोरांनी स्वतः लिहिलं. एका घरात कोणी स्वयंपाकच करत नाही, सगळं मोबाइलवरून मागवतात. म्हणून भांडी रुसतात आणि एकेक करून उडून जातात. आधी चमचे, मग लाटणं, मग कढई, आणि सगळ्यात शेवटी पाण्याची घागर. घरातली मुलगी त्या घागरीची मनधरणी करते आणि घागर आभाळातून परत येते. गोष्ट झकास होती. भांडी उडवायची कशी, तेवढं मात्र लिहायचं राहिलं होतं.

ते काम नाटक बसवणाऱ्या सौरव सरांकडे आलं. सर सव्वीस वर्षांचे, उत्साह उतू चाललेला. त्यांनी मित्राचा ड्रोन आणला, त्याखाली कागदाच्या लगद्याची सोनेरी घागर टांगली आणि तालमीत उडवली. ड्रोनच्या वाऱ्यानं मागचा पडदा फुगला, पडद्याची कड पात्यांत गेली आणि ड्रोन घागरीसकट खाली आला. मुलीचं काम करणारी सोनिका तिथून दोन हातांच्या अंतरावर उभी होती. लागलं कोणालाच नाही. पण मुख्याध्यापिका मेघा मॅडम नेमक्या दारात उभ्या होत्या.

"संपलं," मॅडम म्हणाल्या. "या शाळेत आता काही उडणार नाही. भांडी हातात घेऊन पळा."

"हातात घेऊन पळालो तर आम्ही चोर दिसू, मॅडम. भांडी रुसली असं कसं दिसंल?" उन्नती म्हणाली. नाटक मुळात या मुलीच्या डोक्यातून निघालं होतं. बोलता बोलता तिचा आवाज भरून आला, आणि तो भरून आलेला कोणाला कळू नये म्हणून ती चप्पल शोधायला लागली.

कांताबाई खाली बसून घागरीचे तुकडे गोळा करत होत्या. त्यांनी मान वर केली. "मॅडम, धाग्यानं उडवली तं?"

सौरव सर हसले. माणूस मनानं वाईट नव्हता, फक्त तरुण होता. "मावशी, धाग्यानं वस्तू लटकते. उडत नाही."

कांताबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सर, माह्या मागावर हजार धागे एका पायानं वर जात अन् हजार खाली येत. डोळा लवते तेवढ्यात. अन् तुमी मले एका घागरीचं सांगून राहिले?"

मावशीचा माग होता, ही बातमी पंधरा वर्षांनी शाळेला कळली होती.

मेघा मॅडम आधी विज्ञान शिकवायच्या. त्यांनी विज्ञानाच्या बाईंनी विचारावा तसाच प्रश्न विचारला. "धागा तुटला तर?"

"दोन धागे लावतो. एक गेला तं दुसरा धरते. अन् घागरीच्या खाली कोणी उभंच राहत नाही, तं लागन कोणाले?"

मॅडमनी खाली पडलेल्या ड्रोनकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "ठीक आहे. पण एक लक्षात ठेवा, कांताबाई. एकदा जरी काही वरून पडलं, तरी उडणं बंद. त्या दिवशी, त्या क्षणी. कारण विचारणार नाही मी."

"कबूल," कांताबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर त्यांनी हे गोपाळरावांना सांगितलं. गोपाळराव खाप्यातले नावाजलेले विणकर. त्यांच्या हातच्या रेशीमकाठी लुगड्याला काठावर हात फिरवून लोक ओळखायचे. पण माग मोडला त्या दिवसापासून त्यांनी धाग्याला हात लावला नव्हता. शर्टाचं बटण तुटलं तरी सुई बायकोच्या हातात द्यायचे. "पोट्ट्याईचा खेळ आहे थो," ते म्हणाले. "त्याच्यात कायचा माग अन् कायचा धागा?" आणि पाठ फिरवून त्यांनी बातम्या लावल्या. कांताबाईंनी भाकरी जरा जास्तच जोरात थापली.

दुसऱ्या दिवसापासून शाळेत कांताबाईंचं राज्य सुरू झालं. आधी त्यांनी धोंडबा वेल्डरला बोलावून रंगमंचावरचं लोखंडी तुळईचं काम तपासून घेतलं आणि त्याच्याकडून एक आडवा पाइप बसवून घेतला. पाइपावर कप्प्या होत्या, आणि तो दोरानं कमरेइतका खाली उतरायचा. शिडीवर चढून गाठ मारायची नाही, गाठ जमिनीवर, डोळ्यांसमोर मारायची, हा त्यांचा पहिला कायदा. सौरव सरांनी "शिडी लवकर होते," असं म्हणून पाहिलं. "दवाखानाही लवकर होते," एवढंच उत्तर आलं.

चमचे, लाटणं आणि कढई यांना तर धागाच लावला नाही. मागं काळा पडदा, त्यापुढं डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यातली चार पोरं, त्यांच्या हातात काळ्या काठ्या आणि काठीच्या टोकाला चमचा. उजेड पुढून फक्त चमच्यांवर. पहिल्यांदा ते चमचे हवेत तरंगत डोलायला लागले तेव्हा सौरव सर खुर्चीतून उठून उभे राहिले. जानेवारीची थंडी होती म्हणून बरं. मे महिन्यात ती काळी पोरं वाफवून निघाली असती.

उंच जाणार होती ती एकटी घागर. नवी घागर पाव किलोची केली आणि कप्पीवरून दोन काळे पिळाचे सुती दोरे तिला बांधले. दोऱ्यांची दुसरी टोकं पडद्याआडच्या खुंटीला, आणि ती ओढायला उन्नती. सौरव सरांच्या मनात होतं, की घागर उतरावी ती थेट सोनिकाच्या डोक्यावर. कांताबाईंनी हात जोडले. "डोक्यावरून काही जाणार नाही, सर. घागर तिवईवर उतरंल. मंग पोट्टी येईन अन् उचलून डोक्यावर घेईन." तिवईभोवती त्यांनी खडूनं भलामोठा गोल काढला. घागर हवेत असताना त्या रेषेच्या आत पाऊल टाकायचं नाही. मग ते मुख्याध्यापिकेचं का असेना.

आणि एक शब्द ठरला. खाप्यात ताण्यातला धागा तुटला की विणणारा ओरडायचा, "माग थांबला!" मग रहाटावर बसलेली म्हातारी, सुताच्या कांड्या भरणारी पोरं, सगळं घर हात होतं तिथं थांबवायचं. पडद्याआड कोणालाही काही वावगं दिसलं तर त्यानं "माग थांबला" म्हणायचं. ज्याच्या हातात जे असेल ते तिथंच थांबेल. खुलासे मागाहून.

रोज सकाळी शाळेची घंटा व्हायच्या आधी कांताबाई घागरीच्या जागी वाळूची एक किलोची पिशवी बांधायच्या, म्हणजे घागरीच्या चौपट, आणि वर ओढून अर्धा तास टांगून ठेवायच्या. तीन आठवडे पिशवी जागची हलली नाही. पोरं आता त्यांना मावशी म्हणताना जरा दबकून म्हणायची, आणि खरं सांगायचं तर कांताबाईंची चालही बदलली होती. पाण्याची बादली नेतानाही त्या ताठ चालायच्या.

गडबड झाली ती संमेलनाच्या आदल्या दिवशी. निळ्या आभाळाचा पडदा लागला, पूर्ण दिवे लागले, आणि काळे सुती दोरे निळ्यावर ढळढळीत दिसायला लागले. सौरव सर बाजारातून तंगूस घेऊन आले. मांजा नव्हे, मासे धरायची जाड, गुळगुळीत, पाण्यासारखी आरपार दोरी. दिव्यात ती मुळीच दिसेना. वजन पेलायला तर सुती दोऱ्याच्या कितीतरी पट. कांताबाईंनी ती बोटांत फिरवून पाहिली, पाइप खाली घेतला आणि घागर अडकवायच्या कडीला दोन्ही दोऱ्यांची आपली ती गाठ मारली. अंगठ्याभोवती वेढा, आवळ, शेंड्या दातांनी मुळाशी. वरून नख फिरवलं. नख अडलं नाही. समाधानानं त्यांनी सभागृहाला कुलूप लावलं.

सकाळी नऊ वाजता त्यांनी वाळूची पिशवी वर ओढली आणि खडूच्या गोलाबाहेर स्टुलावर बसल्या. सहा-सात मिनिटं गेली असतील. वर काहीतरी सुळकन् सरकलं, पिशवी एका बाजूला कलली, दुसऱ्या दोरीला हिसका बसला, आणि ती दोरीही सुळकन् गेली. पिशवी धाडकन् तिवईवर आपटली. तिवई उलटली आणि वाळू सगळ्या रंगमंचावर पसरली.

सभागृहात दुसरं कोणी नव्हतं. कांताबाईंनी पाइप खाली घेऊन लोंबणारं टोक हातात घेतलं. दोरी तुटली नव्हती. टोक सरळ होतं, जसं काही त्याला कधी गाठ मारलीच नव्हती. दोन्ही गाठी सुटल्या होत्या. चाळीस वर्षांत न सुटलेली गाठ, आणि सुटली ती एका सकाळी जोडीनं.

आता काय झालं ते सांगतो. कांताबाईंनी ते नंतर स्वतःच सगळ्यांना सांगितलं, म्हणून मीही लपवत नाही. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. मग झाडू आणून वाळू भरली, तिवई उभी केली, पुसली. उन्नती यायला अर्धा तास होता. नवी गाठ मारायला दोन मिनिटं पुरली असती. मॅडमना कळायचं कारण नव्हतं. कळलं तर मात्र उडणं बंद, कारणसुद्धा न विचारता बंद. मग पोरांचं नाटक गेलं, उन्नतीची घागर गेली, आणि उद्यापासून कांताबाई परत घंटा वाजवणारी मावशी.

त्यांनी दोरी हातात घेतली, अंगठ्याभोवती वेढा दिला आणि तिथंच थांबल्या. गाठ का सुटली ते त्यांना कळलं नव्हतं. न कळता बांधली तर पुन्हा तीच गाठ, पुन्हा तेच सुटणं. आत्ता खाली नुसती तिवई होती. संध्याकाळी खाली काय असेल, कोण रेषा विसरेल, हे कोणी सांगावं? हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांची त्यांनाच भयंकर लाज वाटली. गाठ सुटल्याची नव्हे, दाराकडे पाहिल्याची.

त्या तडक मॅडमच्या खोलीत गेल्या. दोरी टेबलावर ठेवली. "मॅडम, माही गाठ सुटली. दोन्ही सुटल्या. पिशवी पडली."

मेघा मॅडमनी चष्मा वर केला. "कोणी होतं खाली?"

"कोणीच नव्हतं."

"मग मला कशाला सांगायला आलात?"

"तुमीच तं म्हटलं होतं, पडलं का बंद." कांताबाईंनी मान खाली घातली नाही. "मले काहून सुटली तेच समजून नाही राहिलं. जे मले समजत नाही ते मी पोट्ट्याईवर टांगत नाही."

मॅडमनी दोरी उचलली, खिडकीपाशी नेली, सुती दोऱ्याचा एक तुकडा मागवून शेजारी धरला. "सुताला बारीक केस असतात, बघा. केसात केस अडकतो, म्हणून तुमची गाठ धरते. या दोरीला केसच नाहीत. आणि तुम्ही शेंड्याही मुळाशी तोडल्या. थोडी सरकली की संपली."

"मंग हिले कोणती गाठ मारतेत?"

"ते मला नाही माहीत. मासे धरणाऱ्याला माहीत असेल." मॅडमनी दोरी परत टेबलावर ठेवली. "कांताबाई, आज पडली ती परीक्षेत पडली. परीक्षा असते कशासाठी? माझी अट नाटकासाठी होती, ती तशीच राहील. पण त्याआधी परत परीक्षा. दुपारी दोन वाजता, माझ्यासमोर, चौपट वजन, पूर्ण अर्धा तास. आणि गाठ तुम्ही बांधायची, पण ओढून पाहायची दुसऱ्यानं. टिकली तर घागर उडेल. नाहीतर तिवईवरच रुसून बसेल."

मासे धरणारा कांताबाईंना माहीत होता. फार चांगला माहीत होता, हीच तर पंचाईत. खाप्याच्या घाटावरचा रुपराव ढिवर. त्याची जाळी गल्लीत वाळत पडायची, आणि "मच्छीचा वास माह्या सुताले लावू नको," म्हणून कांताबाईंनी त्याला किती वेळा हाकललं होतं. पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, तसा मानही नसावा. उन्नतीच्या मदतीनं त्यांनी सौरव सरांच्या मोबाइलवर रुपरावचा चेहरा बोलावला.

सगळं ऐकून रुपराव एवढा हसला की मोबाइल हातातून पडला. घटकाभर नुसतं आभाळ दिसत होतं. "कांताबाई, कापड नाही विणून राहिल्या तुमी. मासा धरून राहिल्या!" मग त्यानं बूड टेकलं आणि दाखवलं. टोक कडीतून काढायचं, मूळ दोरीभोवती पाच पीळ द्यायचे, परत खालच्या फटीतून आणि वरच्या फटीतून. थुंकी लावायची, म्हणजे आवळताना दोरी जळत नाही. हळूहळू ओढायचं. कांताबाईंनी पहिल्या झटक्यात बरोबर बांधली. आणि सवयीनं शेंडी दाताखाली घेतली.

"ओ बाई! दात काढा, दात काढा!" पलीकडून रुपराव ओरडला. "तिची शेंडी बोटभर ठेवा. शेंडी दिसते तवर गाठ आहे. शेंडी आखूड झाली का समजा, सरकून राहिली. थे लपवाची नाही, पाहाची असते."

कांताबाईंना ते फार जड गेलं. गाठीला शेंडी ठेवायची म्हणजे त्यांच्या हिशेबी लुगडं नेसून पदर जमिनीवर लोळवायचा. पण त्यांनी ठेवली, चांगली बोटभर. एवढंच नव्हे, प्रत्येक शेंडीच्या टोकाला लाल रंगाचा ठिपका लावला. लांबूनही दिसावा. ठिपका गाठीजवळ आला तर कोणालाही कळावं.

दोन वाजता मॅडम घड्याळ लावून बसल्या. ओढून पाहायचं काम उन्नतीचं होतं. तिनं मावशीकडे पाहिलं, मावशीनं मान हलवली आणि उन्नतीनं अंगातला सगळा जोर लावून ओढलं. मग पिशवी वर गेली. पहिली दहा मिनिटं सगळे माना वर करून बघत होते. वीस झाली तेव्हा सौरव सरांनी चहा सांगितला, आणि प्यायला विसरले. तिसाव्या मिनिटाला मॅडम उठल्या, पाइप खाली घ्यायला लावला आणि स्वतः वाकून पाहिलं. लाल ठिपके होते तिथंच होते.

"उडवा," मॅडम म्हणाल्या.

संध्याकाळी पाच वाजता सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. गोपाळराव ड्युटीवरून तसेच गणवेशात आले होते आणि शेवटच्या रांगेत, दाराजवळ, आपण चुकून आलो आहोत अशा चेहऱ्यानं उभे होते. कांताबाईंनी पडद्याच्या फटीतून त्यांना पाहिलं आणि पदर खोचला.

चमचे उडाले तेव्हा पहिली-दुसरीची पोरं किंचाळली. लाटणं घरमालकाच्या पाठीमागं लागलं तेव्हा पालक हसून हसून वाकले. कढई रुसून निघून गेली. आणि मग निळं आभाळ उजळलं, आणि तिवईवरची सोनेरी घागर कोणी हात न लावता उठली. हळूच एका बाजूला झुकली, जशी रागावलेली बाई मान वळवते. मग वर, आणखी वर. दोरी दिसत नव्हती, काहीच दिसत नव्हतं. सभागृहात एकदम एवढं शांत झालं की बाहेरच्या रस्त्यावरचा भाजीवाला ऐकू आला. पडद्याआड उन्नतीचे हात एकेक वीत सरकत होते, आणि तिच्यामागं उभ्या कांताबाईंचे ओठ मोजत होते.

मनधरणी सुरू झाली. सोनिका रडत रडत बोलत होती, आणि बोलण्यात अशी रंगली की पुढं आली, आणखी पुढं आली, आणि तिचं पाऊल खडूच्या रेषेवर पडलं. घागर अर्ध्या वाटेवर होती.

"माग थांबला," उन्नती हळूच म्हणाली. कांताबाईंनी तोंड उघडायच्या आधी म्हणाली.

घागर जिथं होती तिथं थांबली. दिव्यावरचा पोरगा थांबला, काळी पोरं थांबली, वाजवणाऱ्याचा हात पेटीवर थांबला. त्या शांततेनं सोनिकाला जाग आली. तिनं पायाखाली पाहिलं, रेषा पाहिली, आणि पोट्टी भलतीच हुशार, दोन पावलं मागं सरून कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बरं बाई, तुझा मान मोठा. मी मागं सरते. आता तरी ये!"

सभागृह हास्यात बुडालं. घागर परत हलली आणि मोठ्या ऐटीत तिवईवर येऊन बसली. मग सोनिका पुढं झाली, तिनं घागर उचलून डोक्यावर घेतली आणि टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. मेघा मॅडम पहिल्या रांगेत उभ्या राहून वाजवत होत्या. पडद्याआड कांताबाईंनी उन्नतीच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना एवढा अभिमान वाटला, की पहिलं लुगडं मागावरून उतरलं होतं त्या दिवशीही वाटला नसेल. त्या दिवशी स्वतःचा वाटला होता. आजचा दुसऱ्याचा होता, आणि म्हणून मोठा होता.

गर्दी ओसरल्यावर गोपाळराव रंगमंचाच्या पायऱ्या चढून आले. पोरांना नुसत्या हौसेनं घागर आणखी एकदा वर न्यायची होती, म्हणून पाइप खाली उतरवून गाठी तपासणं चाललं होतं. गोपाळराव कोणाशी बोलले नाहीत. सरळ दोरीपाशी गेले, आणि अठरा वर्षांत जो हात धाग्याला लागला नव्हता, त्या हाताचं नख गाठीवरून फिरलं.

नख अडलं.

"हे काय वं कांता?" ते म्हणाले. "एवढी मोठी शेंडी? अन् वरून लाल? मायनं पाह्यलं असतं तं गाव सोडाले लावलं असतं तुले."

"थे कापडाची होती, लपवाची," कांताबाई म्हणाल्या. "हे पोट्ट्याईची आहे. हे दाखवाची."

"शिकवली कोणं?"

"ढिवराच्या रुपरावनं."

गोपाळरावांनी डोळे विस्फारले आणि मग, कित्येक दिवसांत हसले नव्हते तसे, पोट धरून हसले. हसता हसता त्यांनी दोरी धरून एक हिसका दिला. मग दुसरा, चांगला विणकराचा. लाल ठिपका होता तिथंच राहिला. "धरते वं," ते हळूच म्हणाले. त्यांच्या तोंडून कांताबाईंच्या कामाबद्दल निघालेला हा पहिलाच कौतुकाचा शब्द, आणि तो ऐकायला कांताबाई चाळीस वर्षं थांबल्या होत्या.

त्यांना अजून काही म्हणायचं असावं. पण तेवढ्यात घागर बांधून झाली आणि उन्नतीनं दोरी हातात घेतली. तिनं वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि गणवेशातल्या त्या अनोळखी म्हाताऱ्या माणसाला ठणकावून सांगितलं, "आजोबा, रेषेच्या मागं व्हा. घागर वर जाऊन राहिली."

खाप्यातल्या नावाजलेल्या विणकरानं पायाखालची खडूची रेषा पाहिली, बायकोच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तो गुपचूप दोन पावलं मागं सरला.